मागचं कुंपण

बाई स्कूटरवर कधी सरळ समोर बघून बसल्या नाहीत. माझ्या मागे एका बाजूला पाय सोडून बसायच्या, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात खाकी कापडाची पिशवी, आणि मान वर झाडांकडे. डिपार्टमेंटचा मायक्रोस्कोप दुरुस्तीला द्यायला आम्ही मुलुंडहून साकीनाक्याला जायचो, तेव्हा वाटेत दोन-तीनदा तरी खांद्यावर थाप पडायची. थाप म्हणजे थांब. मागून टेम्पो हॉर्न मारतोय, रिक्षावाला काहीबाही बोलतोय, आणि बाई उतरून दुभाजकावर पोचलेल्याही असायच्या. कुठल्यातरी सोनमोहराखाली उभं राहून पडलेली फुलं उचलायच्या, वास घ्यायच्या, पिशवीत टाकायच्या. परत येऊन बसल्या की मलाच म्हणायच्या, "चल गं, उशीर होतोय."

मी कॉलेजात लागले तेव्हा त्या बॉटनीच्या हेड होत्या. माझ्या मुलाखतीत बाकीचे सर मार्कांबद्दल आणि पीएचडीबद्दल विचारत होते. बाईंनी पिशवीतून एक पान काढून टेबलावर ठेवलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. बरोबर होतं. बाई म्हणाल्या, "मागून बघितलंस?" मी नव्हतं बघितलं. मागच्या बाजूला कुठल्याशा किड्याने ओळीत अंडी घातली होती, बारीक मोत्यांसारखी. नोकरी मला मिळाली, पण ते वाक्य पुढे कायमचं माझ्या मागे लागलं. प्रॅक्टिकलला मुलांना, ऑफिसात हेडक्लार्कला, दुकानात भाजीवाल्याला, सगळ्यांना बाई तेच विचारायच्या. एकदा आमच्याच कॉलेजातल्या एका सरांनी होणाऱ्या सुनेचा फोटो कौतुकाने दाखवला. बाईंनी फोटो हातात घेतला, उलटा करून बघितला आणि परत दिला. त्यात चेष्टा नव्हती. सवय होती.

लग्न केलं नव्हतं. मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, एका जुन्या सोसायटीत दोन खोल्यांत राहायच्या. सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. पिशवीत होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या असायच्या आणि प्रत्येक बाटलीत बिया. कुणाच्या घरी गेल्या, कुणी चहा टाकला, की तोवर बाई टीपॉयवर बिया ओतून मांडत बसायच्या. लहान मूल घरात असेल तर ते हमखास जवळ यायचं. मोठी माणसं जरा लांबच बसायची.

वडील परळला गिरणीत होते, आई मालवणकडची. बाई वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या, पण फार राग आला किंवा फार माया आली की आतून मालवणी बाहेर पडायची. आम्ही विद्यार्थ्यांना सांगून ठेवलं होतं, बाईंनी "मेल्या" म्हटलं तर घाबरू नकोस, तू पास आहेस.

निवृत्त झाल्यावरही त्या रोज डिपार्टमेंटला येत. वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांची कपाटं होती, त्यांच्यापाशी एक खुर्ची टाकून बसत. तेवढ्यात पालिकेने आमच्या भागातल्या झाडांवर नावांच्या पाट्या ठोकल्या आणि बाईंचं आयुष्य बदललं. अर्ध्याअधिक पाट्या चुकीच्या होत्या. सोसायट्यांच्या कुंपणाशी ते उंच, सरळसोट झाड असतं ना, त्याच्यावर सगळीकडे 'अशोक' लिहिलेलं. बाई तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसात गेल्या, तिथून नगरसेवकाकडे गेल्या, पुन्हा वॉर्ड ऑफिसात गेल्या. कुणी दाद देईना, तेव्हा ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन निघाल्या आणि प्रत्येक पाटीखाली स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहीत गेल्या, 'हा अशोक नव्हे'. सकाळी फिरायला जाणारे लोक झाडापाशी थांबून ते वाचायचे आणि विचारात पडायचे.

पालिकेची मालमत्ता खराब केली म्हणून नगरसेवकाने त्यांना बोलावून घेतलं. मी बरोबर होते. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी वैतागलेला होता. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला एवढं सगळं कळतंय तर पुढच्या वेळी तुम्हीच उभ्या राहा ना."

बाईंनी ते शब्दशः घेतलं. त्या सगळंच शब्दशः घ्यायच्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "कुठे उभं राहायचं असतं? फॉर्म कुठे मिळतो?" पुढच्या वेळी तो वॉर्ड नेमका महिलांसाठी राखीव झाला. त्या नगरसेवकाने बायकोला उभं केलं. बाई अपक्ष उभ्या राहिल्या. चिन्ह घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी यादी दोनदा वाचली आणि यात एकही झाड कसं नाही म्हणून अधिकाऱ्याशी वाद घातला. शेवटी कपबशी मिळाली.

प्रचार म्हणजे काय, हे बाईंना अखेरपर्यंत समजलं नाही. आम्ही इमारतीत शिरायचो, दार उघडलं जायचं, बाई थेट गॅलरीत. तुळशीला पाणी जास्त होतंय, जास्वंदीला मिलीबग लागलाय, ही कुंडी उन्हातून हलवा, हे सगळं सांगून खाली उतरायच्या. मी मागे राहून घाईघाईने म्हणायचे, कपबशी, कपबशी. एक कार्यकर्ता मतदारयादी घेऊन आला होता, कुठल्या गल्लीत कुठली जात जास्त, ते रंगीत पेनाने रंगवून. बाईंनी यादी मिटून त्याच्या हातात दिली. "मला झाडांच्या जाती कळतात, बाळा. माणसांची एकच आहे. तुला वनस्पतीशास्त्र घ्यायचं होतं का?" तो परत आला नाही.

त्या निवडून आल्या. का आल्या, यावर अजूनही दुमत आहे. माझा नवरा म्हणतो, बाकीच्या दोघींनी एकमेकींची मतं खाल्ली. मला वाटतं तुळशींनी हात दिला.

नगरसेविका म्हणून बाई अगदीच वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोकांचा गैरसमज होतो. गटारं आणि पाण्याच्या लाइनी त्यांना बरोबर कळायच्या. भिंतीवर पिंपळाचं रोप कुठे उगवलंय, शेवाळं कुठे हिरवं आहे, यावरून जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते त्या सांगत, आणि इंजिनिअर खणून बघत तेव्हा बहुतेक वेळा तिथेच पाणी निघे. पालिकेच्या बजेटची जाडजूड पुस्तकं घरी यायची. ती बाईंना फार आवडली. त्यात पानं छान दाबली जातात असं त्यांचं मत होतं, आणि आरोग्य खात्याच्या तरतुदीत मी स्वतः एक नेचं बघितलं आहे. सभागृहात त्या बोलायला उठल्या की लॅटिन नावं यायची आणि टिपण घेणारा बिचारा पेन खाली ठेवायचा. कंत्राटदारांना त्या अमरवेल म्हणायच्या. तोंडावर. ती दुसऱ्या झाडांचा रस शोषून जगते हे त्यातल्या एकाला ठाऊक नव्हतं; अमर आणि वेल दोन्ही शुभ शब्द म्हणून त्याने नमस्कारही केला होता.

त्यांना एकच गोष्ट मनापासून आवडत नसे, ती म्हणजे उद्घाटनं. हारतुरे, फोटो, माइक तपासणं. त्यांना गुदमरायला व्हायचं. मग त्या काय करायच्या, तर जायच्या, नारळ फोडायच्या, फोटोला हसायच्या आणि कुणी भाषणाला उभं राहण्याच्या आत माझ्या स्कूटरवर येऊन बसायच्या. "झालं ना? चल." मला वाटायचं, किती छान, बाईंना मोठेपणाचा सोस नाही. त्यातलं एक उद्घाटन पालिकेच्या शाळेतल्या कुंपणाचं होतं. भिंत पडली होती, ती बांधायला वेळ लागणार होता, म्हणून तोवर हिरवं कुंपण. बाईंच्या निधीतून. पुढच्या फाटकापाशी नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, आम्ही निघालो.

त्याच शाळेत दुपारची खिचडी सुनंदाताईंचा बचत गट शिजवायचा. सुनंदाताई आणि तिच्याबरोबरच्या बायका मूळच्या जालन्याकडच्या बौद्ध कुटुंबांतल्या, डोंगराच्या पायथ्याशी वस्तीत राहायच्या. काम त्यांना रीतसर मिळालं होतं आणि त्या ते जीव लावून करायच्या. पण त्यांना काम मिळाल्यापासून काही आया मुलांना घरून डबा द्यायला लागल्या होत्या. कारण विचारलं तर कुणी पोटाचं सांगे, कुणी तेलाचं. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि तोंडाने कुणी उच्चारत नव्हतं. सुनंदाताईलाही माहीत होतं. तिने एकदा बाईंना नुसतं विचारलं होतं, "बाई, आम्ही अजून काय करायचं?" परतीच्या वाटेवर त्यांनी मला एकदाही स्कूटर थांबवायला लावली नाही.

मग ती दुपार आली. आम्ही डिपार्टमेंटला होतो. शाळेतून फोन आला की मुलांना उलट्या होताहेत, पंधरा-वीस मुलं आहेत, हॉस्पिटलला नेलंय, खिचडीतून विषबाधा झाली म्हणताहेत. बाईंनी फोन माझ्याकडे दिला आणि पिशवी उचलली.

हॉस्पिटलच्या दारात ही गर्दी. आत आया रडत होत्या, बाहेर बाप्ये ओरडत होते. पाण्याच्या नळापाशी सुनंदाताई आणि तिच्या तिघी बायका भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. कुणीतरी सुनंदाताईच्या पदराला हिसका दिला होता, तो तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. समोर ते माजी नगरसेवक, ज्यांनी बाईंना उभ्या राहा म्हटलं होतं, ते आणि त्यांची माणसं. पोलिसांत द्या, असं ते म्हणत होते. मागची पोरं त्याहून वाईट बोलत होती. ज्या गोष्टी इतके दिवस कुणी तोंडाने उच्चारल्या नव्हत्या, त्या आता मोठ्याने उच्चारल्या जात होत्या. सुनंदाताई एकच वाक्य परत परत म्हणत होती, की आम्ही तीच खिचडी खाल्लीय, आमच्या पोरांनी खाल्लीय. ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

बाईंनी दारात उभ्या असलेल्या हवालदाराला फक्त एवढं सांगितलं, की या बायकांच्या पुढे उभे राहा, मी येईपर्यंत हलू नका. तो खरोखर जाऊन उभा राहिला. मग आम्ही आत गेलो.

आतली डॉक्टर तरुण मुलगी होती, कपाळावर घाम. सलाइन लावत होती. ती म्हणाली, अन्नातून झालेलं दिसतंय, पण किती आणि काय ते कळत नाही. बाई एकेका खाटेपाशी जात होत्या. मुलं पांढरीफटक पडली होती, पोट धरून कण्हत होती. शेवटच्या खाटेवर साक्षी नावाची चौथीतली मुलगी होती. तिची आई सगळ्यांत जास्त संतापलेली होती. मी हिला रोज घरचा डबा देते, ती बाईंना सांगत होती, या बायकांच्या हातचं खायचं नाही म्हणून बजावून ठेवलंय, तरी हिने चोरून खाल्लंच असणार.

बाई आईकडे वळल्या. "डबा खाल्ला का आज हिने?"

आईने दप्तरातून डबा काढून उघडला. डबा रिकामा होता, चपातीचा एक तुकडा तेवढा राहिलेला. बाईंनी शाळेच्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, साक्षी खिचडीच्या रांगेत बसतच नाही, खिडकीपाशी वेगळी बसते, आजही तिथेच होती. मी बाईंच्या तोंडाकडे बघितलं. वर्गात एखाद्या मुलाचा नमुना चुकीच्या गटात ठेवलेला दिसला की त्यांचा चेहरा असा व्हायचा.

त्या खाटेच्या कडेला बसल्या. साक्षीने डोळे घट्ट मिटून घेतले. तिला उत्तर द्यायची भीती वाटत होती, ती कुणाची ते उघड होतं. बाईंनी आईला जरा पाणी आणायला पाठवलं. मग खाली वाकून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "खरां सांग बाय. मी मारूचंय नाय."

साक्षीला मालवणी कळली की नुसता आवाज कळला, देव जाणे. तिने डोळे उघडले. बाईंनी पिशवीतल्या बाटल्या काढल्या आणि हॉस्पिटलच्या चादरीवर बिया ओतल्या. चिंचोके, सागरगोटे, रिठे, बाहवा, एरंड, गुंज. साक्षी बघत राहिली, तिचं पोट दुखत असूनही. बाई म्हणाल्या, यातलं काही खाल्लंस का ते नुसतं बोटाने दाखव. साक्षीने बोट एरंडाच्या बीवर ठेवलं. मग म्हणाली, "असंच. पण हे नाही. शाळेच्या मागे बदाम आहेत ना, ते. सगळ्यांनी खाल्ले. गोड लागतात."

डॉक्टरचा चेहरा उतरला. एरंडाचं बी चावून खाल्लं तर मूल दगावू शकतं, एवढं तिलाही ठाऊक होतं. बाईंनी बी उचलून तिला दाखवलं, त्याच्यावरची तपकिरी नक्षी दाखवली. "असं चट्ट्यापट्ट्यांचं होतं का गं? की नुसतं काळं?" साक्षीला आठवेना. एकदा म्हणाली काळं, एकदा म्हणाली असंच. बाई उठल्या. डॉक्टरला म्हणाल्या, मी बघून येते, फोन हातात ठेव.

शाळा तिथून जवळच होती. स्कूटर चालवताना मी मनातल्या मनात सारखी म्हणत होते, काळं असू दे, काळं असू दे. शाळेला वळसा घालून आम्ही मागे गेलो. मी त्याआधी तिथे कधी गेले नव्हते. बाईही गेल्या नव्हत्या.

कुंपण छान वाढलं होतं. डोक्याएवढं उंच, दाट, पानं रुंद, भेंडीच्या पानांसारखी. फांद्यांना हिरवी-पिवळी फळं लगडली होती आणि खाली वाळलेली काळी फळं फुटून पडली होती. एका सपाट दगडावर टरफलांचा ढीग होता, मुलांनी दुसऱ्या दगडाने फोडलेली. बाई गुडघ्यांवर बसल्या, बी उचललं, तळहातावर घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. काळं कुळकुळीत होतं. एकही चट्टा नव्हता.

"मोगली एरंड," त्या म्हणाल्या. "साधा एरंड नाही. मोगली एरंड आहे." आणि मग त्यांनी डॉक्टरला फोन लावला. नाव सांगितलं, लॅटिनही सांगितलं, उलट्या-जुलाब होतील, पोटात दुखेल, पाणी कमी होऊ देऊ नका, लक्ष ठेवा, बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत उठून बसतात, असं सांगितलं. पलीकडून डॉक्टरने एवढा मोठा श्वास सोडला की मला लांबून ऐकू आला. मी स्कूटरच्या सीटवर बसले. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं.

बाई मात्र जमिनीवरून उठल्या नाहीत. कुंपणाच्या कोपऱ्यात एक पाटी होती, निळ्या रंगाची, वेलींनी अर्धी झाकलेली. 'हिरवे कुंपण' असं तिच्यावर होतं, खाली 'यांच्या निधीतून', आणि त्याखाली बाईंचं नाव, ठळक. बाई ती पाटी वाचत होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "गुरं खात नाहीत म्हणून लावतात हे. फांदी खोवली की वाढतं, पाणी घालावं लागत नाही. कंत्राटदाराला स्वस्त पडलं असणार." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी मागून बघितलं नाही गं."

मी म्हटलं, लावलं कंत्राटदाराने, तुम्ही कशा जबाबदार? मुलं बरी होणार आहेत, ते महत्त्वाचं. त्यांनी ऐकलं की नाही ठाऊक नाही. हाताला रुमाल गुंडाळून एक फांदी तोडली, फळांसकट, आणि म्हणाल्या, "चल. त्या बायका अजून उभ्या आहेत."

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बाई उभ्या राहिल्या. तोवर माइकवाले एक-दोघे पत्रकारही आले होते. माजी नगरसेवक पुढे होतेच. बाईंनी फांदी वर धरली. आवाज चढवला नाही, पण चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज होता तो.

"खिचडीत काही नव्हतं. मुलांनी या झाडाच्या बिया खाल्ल्यात. डॉक्टरांना सांगितलंय, मुलं बरी होतील." गर्दीतून कुणीतरी हुंदका दिला. बाई थांबल्या आणि मग म्हणाल्या, "हे झाड शाळेच्या मागच्या कुंपणात आहे. ते कुंपण माझ्या निधीतून लागलं. त्याच्यावर माझं नाव आहे. मी पुढे नारळ फोडला आणि मागे जाऊन बघितलं नाही. मला हे झाड लांबूनही ओळखता आलं असतं. चूक माझी आहे. कुणाला काही बोलायचं असेल तर मला बोला. या बायकांना वाट द्या."

आधी कुणीच हललं नाही. मग हवालदाराने हात पसरून वाट केली आणि सुनंदाताई आणि तिच्या बायका त्या गर्दीतून निघून गेल्या. कुणाकडे न बघता. सुनंदाताई बाईंच्या समोरून गेली तेव्हाही थांबली नाही.

माजी नगरसेवकांना क्षणभर काही सुचलं नव्हतं. मग सुचलं. ऐकलंत ना, ते गर्दीकडे वळून म्हणाले, स्वतःच कबूल करताहेत. आणि ते त्यांनी पुढच्या निवडणुकीपर्यंत सोडलं नाही. भिंतींवर, रिक्षांच्या मागे, सगळीकडे तेच होतं. बाईंनी ते एकदाही खोडून काढलं नाही. खोटं नाहीये ते, असं म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलला गेले तर एक मुलगा उशीने दुसऱ्याला मारत होता आणि डॉक्टर त्यांना ओरडत होती. तिच्या ओरडण्यातही आनंद होता. कुणाला बिस्किट हवं होतं, कुणाला वडापाव. तो मिळणार नाही म्हटल्यावर एकाने भोकाड पसरलं. इतकं गोड भोकाड मी आयुष्यात ऐकलेलं नाही. बाई कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या, कॅनव्हासचे बूट काढून, पाय वर घेऊन. शेवटचं मूल घरी गेलं तेव्हाच त्या उठल्या. त्यानंतर त्यांनी कॉलेजची पोरं घेतली, हातमोजे घातले आणि ते कुंपण मुळापासून उपटलं. तिथे मेंदी लावली. या खेपेला रोज मागून जाऊन बघायच्या.

निवडणूक त्या हरल्या, बऱ्यापैकी हरल्या. निकालाच्या दिवशी आम्ही मतमोजणीच्या केंद्राबाहेर होतो. त्या बातमी ऐकून इतक्या मोकळ्या हसल्या की शेजारच्या विजयी उमेदवाराला शंका आली. मला म्हणाल्या, "सुटले गं बाई. आता कुणाचा नारळ नको." पुढे माजी नगरसेवकांनी, म्हणजे आता परत आजी झालेल्यांनी, झाडांच्या पाट्या नव्याने लावल्या. नावं तपासायला बाईंनाच बोलावलं. बाई गेल्याही. हल्ली त्या बोरिवलीला भाचीकडे राहतात, ऐकायला कमी येतं, आणि भाचीच्या सोसायटीतल्या माळ्याशी त्यांचं रोज भांडण होतं, असं भाची फोनवर सांगते.

पण मला बाई आठवतात त्या शाळेत खिचडी परत सुरू झाली त्या दिवशीच्या. दहा-बारा दिवस स्वयंपाक बंद होता. सुनंदाताई कामाला यायलाच तयार नव्हती. बाई तिच्या घरी जाऊन बसून आल्या, काय बोलणं झालं ते दोघींनी कधी सांगितलं नाही. शेवटी ती आली. खिचडी शिजली, व्हरांड्यात पट्ट्या घातल्या गेल्या, आणि मुलं उभीच राहिली. फाटकापाशी आया उभ्या होत्या, हात घट्ट बांधून. पट्टीवर कुणी बसेना. सुनंदाताई पातेल्यापाशी डाव हातात धरून उभी होती, मान खाली.

बाईंनी बूट काढले. गुडघे कुरकुरत होते, माझा हात धरून कशाबशा खाली बसल्या, रांगेतल्या पहिल्या जागेवर, आणि ताटली पुढे केली. सुनंदाताईने वाढलं. सगळा व्हरांडा बघत होता. बाईंनी घास घेतला, नीट चावला, आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुनंदा, मीठ कमी पडलंय गं."

मी डोळेच मिटले. इतके दिवस कुणाशी धड न बोललेली सुनंदाताई ताठ झाली. "कमी नाही बाई," ती म्हणाली. "तुम्हालाच जास्त लागतं. बीपीच्या गोळ्या घेता ना? मग?"

एक मूल फिसकन हसलं. मग दुसरं. बाई खाली मान घालून मुकाट्याने खायला लागल्या, आणि ते बघून मुलं आणखीच हसली. मग खिडकीपाशी वेगळी बसणारी साक्षी पुढे आली आणि बाईंच्या शेजारी धपकन बसली. सुनंदाताईचा डाव हवेत थांबला. तिने फाटकाकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

साक्षीची आई जराशी पुढे आली. मला वाटलं, आता ही पोरीला हाताला धरून उठवणार. तिने पदर सारखा केला आणि लांबूनच म्हणाली, "साक्षी, नीट मांडी घालून बस. सांडशील अंगावर."